कराड ते कवलापूर : हवेतल्या अंतराचा हिशेब

सातारा जिल्ह्याची धावपट्टी कराडजवळ वारुंजीला आहे. कोयना धरणाच्या कामासाठी ती 1955 मध्ये बांधली गेली. सांगलीची जुनी धावपट्टी तासगाव रस्त्यावर कवलापूरला. तिथून आज नियमित वाहतूक होत नाही. विमानतळाची मागणी मात्र जुनी आहे. शिकाऊ वैमानिकांना दिशा आणि अंतराचे गणित शिकवताना मी या दोन धावपट्ट्यांमधला टप्पाच फळ्यावर मांडतो.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे 63 किलोमीटर, म्हणजे 34 नॉटिकल मैल. दिशा आग्नेय. कराडचा प्रीतिसंगम मागे टाकला की कृष्णेचे पात्र खुणेला पुरते. प्रशिक्षणाचे चार आसनी विमान ताशी 110 नॉटिकल मैलांनी जाते, म्हणजे 19 मिनिटे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा ताशी 20 नॉटिकल मैलांचा असला, तर जाताना 16 मिनिटे आणि परतताना साडेएकवीस. अंतर तेच असूनही वेळ बदलतो. विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्यांदा बिंबवायचे ते हेच.

पण उड्डाण म्हणजे एवढेच नव्हे. इंजिन सुरू करून तपासण्या, धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण्यापूर्वीची फेरी हे सगळे धरले की अर्धा तास उलटतो. शिवाय किमान अर्ध्या तासाचे राखीव इंधन लागते. इथे ते प्रत्यक्ष प्रवासाच्या इंधनापेक्षा जास्त भरते! सत्तर आसनी एटीआर विमान पूर्ण वेगाने हे अंतर आठ मिनिटांत कापेल, पण नेहमीची उंची गाठण्याआधीच त्याला उतरावे लागेल. चढणीत इंधन सर्वाधिक जळते आणि प्रत्येक उतरणीला चाकांची, इंजिनांची झीज होते. पेठनाका, इस्लामपूर, आष्टा या रस्त्याने दीड-दोन तासांत सांगली येते. धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा वेळ धरला, तर प्रवाशाला त्याहून लवकर पोहोचवणारे विमान इथे नाही.

उन्हाळाही विसरू नये. कराड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फुटांवर आहे. पारा 38 अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला आपण 5,000 फुटांवर असल्यासारखे वाटते. पंखांना उचल कमी मिळते, धाव लांबते. कराडची पट्टी जेमतेम 1,280 मीटरची. मोठ्या विमानाला ती अपुरी पडते, छोट्या टर्बोप्रॉपला चालते.

या धावपट्ट्यांचा खरा उपयोग लांबच्या, तातडीच्या प्रवासात आहे. कवलापूरहून मुंबई सरळ रेषेत 300 किलोमीटर. रस्त्याने सहा-सात तास लागतात, रुग्णविमानाला साधारण एक तास. शेजारचे मिरज हे वैद्यकीय उपचारांचे मोठे केंद्र आहे. प्रत्यारोपणासाठी अवयव वेळेत पोहोचवायचा असेल, तर हे वाचलेले तास जीव वाचवतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली पाण्याखाली होती आणि कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी चांगली धावपट्टी हीच मदतीची वाट असते.

नियमित प्रवासी विमानांसाठी कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळ आहे. त्यामुळे सातारा-सांगली विमानसेवेचा आग्रह दोन्ही जिल्ह्यांनी सोडावा. कवलापूरची पट्टी दुरुस्त व्हावी, कराडची नीट राखली जावी, आणि दोन्हीकडे रात्री उतरण्यासाठी दिवे लागावेत, ही मागणी मात्र लोकप्रतिनिधींकडे ठामपणे लावून धरावी.