पायाळू

आमच्या राजापूरकडे अशी समजूत आहे, की पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते. मी पायाळू नाही. आईने तसे स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे गुप्तधनाचा नाद लागण्याचे मला काही कारण नव्हते. पण निवृत्त होऊन मेलबर्नला मुलाकडे राहायला आलो आणि पाहतो तो इकडच्या लोकांनी पायाळूपणाही यंत्रात घालून विकायला ठेवलेला! दांड्याच्या टोकाला एक तबकडी, मुठीपाशी दोन-चार बटणे, एक छोटा पडदा आणि कानांना हेडफोन. सरकारकडून ‘मायनर्स राइट’ नावाचा कागद घ्यायचा, की व्हिक्टोरियातल्या खुल्या सरकारी जमिनीवर सोने हुडकायला माणूस मोकळा.

मेलबर्नच्या वायव्येला डनॉली, मोलियागल, किंगोवर अशी गावे आहेत. 1869 साली मोलियागलला दोन खाणकऱ्यांना सत्तर किलोंच्या आसपास वजनाचे सोन्याचे ढेकूळ एका झाडाच्या मुळाशी सापडले. वरची माती होती जेमतेम 3 सेंटिमीटर. पुढे 1980 साली किंगोवरजवळ याच यंत्राच्या साहाय्याने 27 किलोंचे दुसरे ढेकूळ निघाले. एवढे ऐकल्यावर कोणता रिकामा म्हातारा घरी बसेल?

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की यंत्राला सोने समजत नाही. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज उलटसुलट वाहते आणि तिचे चुंबकी क्षेत्र जमिनीत उतरते. खाली धातू असला की त्याच्यात इवलेसे प्रवाह उठतात. त्यांचे उत्तर दुसरे वेटोळे ऐकते आणि आपल्या कानात घालते. पण उत्तर द्यायला धातूच लागतो असे नाही. लाल मातीत लोहाच्या ऑक्साइडांचे बारीक कण असतात, तेही बोलतात. वणव्याने माती भाजली की तिच्यातला काही लोहांश अधिक चुंबकी होतो आणि विझून गेलेल्या चुलीची जागाही हाक मारू लागते. समुद्रकाठची ओली वाळू मिठामुळे वीज वाहून नेते. तिची तऱ्हा आणखी निराळी. आमचा कोकणातला जांभा या यंत्राखाली आला, तर त्याची बडबड थांबवता थांबवता पुरेवाट होईल.

म्हणून आधी जमिनीशी जुळवून घ्यावे लागते. धातू नसलेली हातभर जागा शोधायची आणि तबकडी तिच्यावर खाली-वर न्यायची, विहिरीत पोहरा हेलकावतो तशी. खाली नेताना आवाज चढला तर बटण एकीकडे फिरवायचे, पडला तर दुसरीकडे. खाली-वर दोन्हीकडे आवाज सारखा राहिला, की जमीन जुळली. त्या हातभर जागेतच एखादा खिळा लपलेला असला, तर मात्र यंत्र खिळ्यालाच जमीन समजते आणि त्यानंतर सगळे तिरपेच ऐकते. शिवाय हे एकदा करून भागत नाही. टेकडी उतरून ओढ्याच्या काठी आलात, की पुन्हा श्रीगणेशा.

नवशिक्याला वाटते, यंत्राची ऐकण्याची ताकद जितकी वाढवावी तितके खोलवरचे सोने कळेल. लोहाच्या जमिनीत नेमके उलटे होते. ताकद पूर्ण वाढवली की मातीचा कोलाहल इतका होतो, की त्यात सोन्याचा हुंकार बुडून जातो. ती थोडी उतरवली, की मातीचा आवाज खाली बसतो आणि मघाशी न कळलेली एक बारीक कुरकूर वर येते.

जमीन गप्प झाली तरी कचरा उरतोच. इथे दीडशे वर्षे माणसे खपली. त्यांच्या बुटांचे खिळे, शिशाचे छर्रे, तारांचे तुकडे मातीत आहेत आणि आजच्या सहलकऱ्यांच्या डब्यांच्या कड्याही. नको ते धातू वगळायची सोय यंत्रात असते. लोखंडाचा आकडा पडद्यावर खाली उमटतो, तांब्या-चांदीचा वर. पण सोन्याची नाजूक अंगठी पडते मधेच, चॉकलेटच्या चांदीच्या आणि डब्याच्या कडीच्या शेजारी. कडी नको म्हणावे, तर अंगठीही नको म्हटल्यासारखे होते. आपल्याकडे गव्हाबरोबर किडे रगडले जातात. इथे किड्यांबरोबर गहू जातो.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. पत्नीच्या शेवटच्या आजारात तिची बोटे इतकी रोडावली, की भाजीच्या वाफ्यात काम करताना अंगठी केव्हा गळून पडली ते तिला कळले नाही. ती गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी माझ्या हातात यंत्र पाहिले आणि कुंपणावरून संकोचत विचारले. त्यांच्या बागेत घर बांधतानाची सगळी रद्दी पुरलेली. काहीही वगळायचे नाही असे मी ठरवले, कारण खिळ्याच्या शेजारी अंगठी असली तर खिळ्याबरोबर तीही मुकी होते. तीन सकाळी मी खणत होतो आणि ते उपड्या बादलीवर बसून माझ्या हातातल्या खिळ्यांकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी एक आकडा आला. तोच आकडा त्याआधी अकरा वेळा आला होता आणि अकराही वेळा चांदीचा चुरगळलेला कागद निघाला होता. बाराव्यांदा अंगठी निघाली. त्यांनी ती धुतली नाही. मातीसकट खिशात टाकली आणि म्हणाले, “खड्डे बुजवायला मी येतो.”

कंबोडियात सुरुंग काढणारी माणसे याच जातीचे यंत्र घेऊन फिरतात. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू असतो कणभर, आणि जमीन बऱ्याच ठिकाणी आमच्या जांभ्यासारखीच लाल. तेही यंत्र जमिनीशी जुळवतात, पण धातू वगळण्याची मुभा त्यांना नाही. प्रत्येक आवाजापाशी गुडघे टेकायचे आणि हलक्या हाताने माती उकरायची. शेकडो वेळा खिळा, पत्रा, गोळीचे टरफल. तरी पुढच्या आवाजापाशी पुन्हा तितक्याच हलक्या हाताने. त्या शेतात उद्या कुणाचे तरी पोर धावणार असते.

मला आजवर सापडलेले सोने मुलीच्या नथीलाही पुरणार नाही. खिळ्यांचा मात्र एक डबा भरला आहे. दर रविवारी राजापूरहून धाकट्या बहिणीचा फोन येतो. विहिरीचे पाणी आटले, वीज नाही, गडी मिळत नाहीत, ही तिची ठरलेली गाऱ्हाणी. परवा त्यातच, माकडांनी नारळ नासले आणि पाखाडीचा दगड निसटला यांच्या मधे, त्याच सुरात ती म्हणाली, “डॉक्टरांनी परत बोलावलंय, गाठ आहे म्हणतात.” आणि पुन्हा माकडांकडे वळली. मी तिला म्हटले, “थांब, बाय. मागचं परत सांग.”