पाच म्हणजे किती?

‘खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात’ यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. नेमकं तेच माझं काम नाही. पण मी राहतो त्या काळेवाडीत हे कुणाला पटत नाही. तापकीर चौकात भाजी घेतानाही कुणीतरी मोबाईल पुढे करतं, “सर, हे खरंय का?” माझा अभ्यास खोटी गोष्ट कोणत्या वाटेनं, किती वेगानं पसरते याचा.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. रविवार होता, आठवडी बाजाराचा. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघं मूल उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीची, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारी. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नाही, हे आजकालच्या परिसंवादांत सांगितलं की लोक हिरमुसतात.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात पाच फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. इथे माझं बऱ्याच जणांशी वाजतं. पाच म्हणजे पाच माणसं नव्हती. तेव्हा एका गटात २५६ जण बसत. पाच गट धरले तर एका बोटाच्या फटक्यात जवळपास १२८० मोबाईल. त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा पाचाची मुभा होती. ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक गटांवरच्या अभ्यासात दिसलं की मर्यादेमुळे प्रसार मंदावतो, पण फार झपाट्यानं पसरणारा मजकूर अडत नाही. ‘म्हणजे उपयोग शून्य’ असा निष्कर्ष काही सहकारी काढतात. मला तो मान्य नाही. अफवा आजऐवजी उद्या पोचली, तर बाजार उठलेला असतो.

‘लोकांना शिकवा’ हा दुसरा लाडका उपाय. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये घरोघरी तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोटं ओळखण्याची क्षमता सरासरीनं वाढली नाही. तरी प्रत्येक शाळा मला ‘एक तास’ बोलवते, आणि मी जातो.

खरी अडचण वेगळीच. व्हॉट्सॲपवरचे संदेश कूटबद्ध असल्यानं त्या कंपनीलाही मजकूर दिसत नाही. आम्हाला दिसतात ते फक्त सार्वजनिक गट. भावकीच्या, शिफ्टच्या बसच्या, भिशीच्या गटांत काय चालतं ते अंधारात. आता लोकांच्या संमतीनं, नावं पुसून, त्यांच्याकडूनच हा मजकूर मागायची पद्धत निघाली आहे. आमच्या इमारतीत मी विचारून पाहिलं. चाकणच्या कारखान्यात जाणारे शेजारी म्हणाले, “कंपनीचा गट घ्या की सर. घरचा मात्र नको.”