हिरडीचा रंग

रात्री-अपरात्री दवाखान्याचे दार ठोठावणाऱ्या मालकाची कैफियत जितकी आर्त, तितका त्याच्या कुत्र्याचा आजार भयंकर, असा हिशेब पशुवैद्याला मांडता येत नाही. एकदा ओकून, मग पाणी पिऊन, शेपूट हलवीत जो पुन्हा भाकरीपाशी येऊन बसतो, त्याच्यासाठी सकाळपर्यंत थांबण्यास सहसा हरकत नसते. परंतु जो निमूटपणे खाटेखाली जाऊन पडतो आणि धन्याची हाक ऐकून कान हलवितो खरा, पण उठत मात्र नाही, त्याच्या चिंतेने माझी झोप उडते.

अशा वेळी मी प्रथम वरचा ओठ उचलून हिरडी पाहावयास सांगतो. निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर असते, आणि तिच्यावर बोट दाबून सोडले असता पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांच्या आत पूर्ववत् होतो. तो रेंगाळू लागला, अथवा हिरडीच पांढुरकी दिसली, तर पोटात रक्तस्राव होत असण्याचा किंवा रक्ताभिसरण ढासळत असल्याचा संशय घ्यावा; निळसर छटा प्राणवायूच्या अभावाची, आणि उन्हात धापा टाकणाऱ्या जनावराची विटकरी हिरडी बहुधा उष्माघाताची. कित्येकांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तेथे खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

तथापि हिरडी फिकी पडण्याची वाटही पाहू नये, असा एक विकार आहे. अल्सेशियन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचे जठर वायूने फुगून कधी स्वतःभोवतीच पीळ घेते. मग वायूला वर वाट राहत नाही, खालीही राहत नाही, आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताच्या शिरा त्या फुगाऱ्याखाली दबून जातात. कुत्रा येरझारा घालतो, वळून आपल्याच कुशीकडे पाहतो, ओकारीचे उमाळे पुन्हापुन्हा देतो, पण फेसाळ लाळेवाचून बाहेर काहीच पडत नाही. या कोरड्या उमाळ्यांना अपचन समजून हिंग-ओव्याचे पाणी पाजण्यात जो वेळ जातो तो शस्त्रक्रियेच्या मुदतीतून वजा होतो, आणि ही मुदत थोड्या तासांचीच असते.

उंदरांच्या औषधाची गोष्ट याहून फसवी. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला कुत्रा पुढे तीन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसू शकतो. म्हणून लक्षणांची प्रतीक्षा न करता, औषधाच्या वेष्टनासह त्याला ताबडतोब आणावे. वेष्टनावर झिंक फॉस्फाइडचा उल्लेख असेल तर मात्र त्याला दूध-भाकरी मुळीच चारू नये, कारण अन्नाने जठरातील आम्ल वाढते व त्या आम्लाच्या संयोगाने विषारी वायू अधिकच निर्माण होतो; आणि वाटेत कुत्रा ओकला तर तोच वायू माणसांनाही बाधतो, यास्तव मोटारीच्या सर्व काचा खाली ठेवाव्यात.