धर्म नसता तर?

रमजानचा तिसरा आठवडा होता. मगरिबची नमाज पढून मी नुकताच बसलो होतो. दस्तरखान आवरता आवरता माझी बारावीतली मुलगी म्हणाली, "अब्बा, धर्म नसता तर माणसांचं काही अडलं असतं का?"

वर्गात असा प्रश्न आला असता, तर "हे अभ्यासक्रमात नाही" म्हणून मी सुटलो असतो. घरात ती सोय नव्हती. मी म्हटले, "धर्म नसेल तर माणूस जनावर होईल, बेटा."

"आणि धर्म असूनही होतो त्याचं काय?" एवढे बोलून ती भांडी घेऊन आत गेली.

तिच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. आठवडाभर आधी माझी थोरली बहीण, आमची आपा, येऊन गेली होती. घराचे पत्रे बदलायला तिने बचत गटातून कर्ज काढले होते. अब्बांच्या माघारी आमच्याकडे तीन एकर जमीन राहिली. वारस आम्ही दोघेच. शरीअतच्या हिशेबाने दोन एकर माझे, एक एकर आपाचे. पण आपाने हक्कसोडपत्रावर सही केली आणि सात-बारावर माझे एकट्याचे नाव लागले. "भावाकडे कसला हिस्सा मागायचा? माहेर शाबूत राहू दे," असे ती म्हणाली होती. मी ते लगेच मान्य केले. मुलीचा हिस्सा सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे, हे मी मुलांना शिकवत आलो आहे. तरीही मान्य केले.

मुलीचा प्रश्न मात्र माझ्यापुरता नव्हता. धर्माच्या नावावर भांडणे होतात, माणसे मरतात. मग धर्मच काढून टाकला तर? आजची पुष्कळ मुले असे विचारतात. त्यांना 'नास्तिक झालास का?' म्हणून गप्प करणे सोपे आहे. पण एका देशाने हा प्रयोग खरोखरच करून पाहिला आहे. मी तिला त्या देशाबद्दल सांगायचे ठरवले.

तो देश अल्बानिया. युरोपातला छोटा देश, बहुसंख्य लोक मुस्लिम. तिथला हुकूमशहा एन्वर होजा हा स्वतः मुस्लिम घराण्यात जन्मलेला. 1967 साली त्याने सर्व धर्मांविरुद्ध मोहीम उघडली. दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्च आणि दर्गे बंद झाले. कुठे गोदाम झाले, कुठे व्यायामशाळा. 1976 च्या राज्यघटनेत तर राज्य कोणताही धर्म मानत नाही, असेच लिहिले गेले. मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन. त्यांची आई राजधानी तिराना येथे राहत होती. मदरना तिला भेटायची परवानगी मिळाली नाही आणि 1972 मध्ये आई वारली.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट फार लागली. रमजानमध्ये शाळांत मुलांना खायला दिले जाई. जो खाणार नाही तो रोजेदार, म्हणजे गुन्हेगार. अशा वेळी वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाने काय केले असेल?

धर्म गेला, पण शांतता आली का? नाही. तुरुंग भरले, देशभर हजारो बंकर बांधले गेले, शेजारी शेजाऱ्याला घाबरू लागला. आणि सिंहासनही रिकामे राहिले नाही. तिरानाच्या मुख्य चौकात होजाचा भव्य पुतळा उभा राहिला. अल्लाहपुढे झुकू नका म्हणणाऱ्यांनी लोकांना माणसापुढे झुकायला लावले.

16 नोव्हेंबर 1990 रोजी श्कोदेर शहरातल्या जुन्या मशिदीत पुन्हा नमाज झाली. इमामत करणारे हाफिज सब्री कोची वीसेक वर्षे तुरुंगात काढून आले होते. हजारो लोक जमले. काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1991 मध्ये, लोकांनी होजाचा पुतळा खाली ओढला. आज तिथे सगळेच नमाजी झालेत असे नाही. पण तेवीस वर्षे दडपलेला दीन मनातून पुसला गेला नव्हता, हे खरे.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितले. तिने नीट ऐकले आणि म्हणाली, "ही तर जबरदस्ती झाली, अब्बा. तुमच्या शाळेतले विज्ञानाचे सर स्वतःहून देव मानत नाहीत. त्यांनी बहिणीला जमिनीचा अर्धा वाटा दिला, असं तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितले होते खरे, कौतुकाने. ते सर कशालाही मानत नाहीत, पण व्यवहाराला चोख. माझी श्रद्धा असे सांगते की अल्लाहने प्रत्येकाच्या फितरतमध्ये भल्याबुऱ्याची जाण ठेवली आहे, न मानणाऱ्याच्याही. सर हे कबूल करणार नाहीत, ते हसतील. पण त्यांच्या चांगुलपणाला नाकारायचे काही कारण मला दिसत नाही. धर्माशिवाय एखादा माणूस नेकीने जगू शकतो. सगळ्या मानवजातीचे मात्र त्याशिवाय भागणार नाही, असे मला वाटते. कारण आपल्यातले बहुतेक जण माझ्यासारखे आहेत. कायदा आमच्या बाजूने, कागद पक्का, बहीण तोंड उघडणार नाही. अशा वेळी "हिशेब द्यायचा आहे" हे सांगणारा आखिरतचा विचार नसेल, तर आम्हाला अडवणार कोण?

पण मग तो विचार असूनही इतकी वर्षे मी का अडलो नाही? मुलीचा खरा प्रश्न हाच होता. याचे उत्तर युरोपच्या इतिहासात नव्हते. सूरह माऊनमध्ये नमाज पढणाऱ्यांनाच इशारा आहे, त्यांनाच ज्यांची नमाज दिखाऊ आणि ज्यांचा हात आखडता. ती सूरह मला लहानपणापासून पाठ आहे.

ईदनंतर मी आपाकडे गेलो. एक एकर तिच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचे ठरवले. ती आधी रागावली, "लोक म्हणतील मी भावाशी भांडले." मी म्हटले, "आपा, बक्षीस हे कागदावरचं नाव. जमीन तुझीच होती." ती पदराने डोळे पुसत चहा ठेवायला उठली.

कागद झाले तेव्हा मुलगी सोबत होती. परतताना तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पण तो तिच्या मनातून गेला असेल, असे मी समजत नाही. पुढेही ती माझ्याकडे बघूनच त्याचे उत्तर ठरवील. अल्लाह आपल्या सर्वांना, जे पढतो त्याप्रमाणे वागण्याची तौफीक देवो. आमीन.