नजर ठेचाळते तिथे

गोधडीचा विषय निघाला की आपण लगेच हळवे होतो. हा आजोबांचा सदरा, हे आईचं लुगडं, ही ताईच्या परकराची पट्टी. गोधडी म्हणजे घराच्या आठवणी, असं म्हणून टाकलं की झालं. मला हे खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. कारण गोधडी शिवणाऱ्या बाईला मी जवळून पाहिलंय, आणि हातात सुई असताना ती हळवीबिळवी नसायची. हट्टी असायची.

उन्हाळ्यात पापड-कुरडया आटोपल्या की आत्या वाकळ शिवायला घ्यायची. सोप्यात जुनेरं अंथरायची, तळहाताने सुरकुत्या सारायची, कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, हाताला लागेल ते ठेवायची. मग चिंध्यांचं गाठोडं सुटे. खरं काम इथे सुरू होई, आणि त्यात सुई नसे. एक तुकडा ठेवायचा, मागे सरकून डोळे बारीक करून बघायचं, उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. लाल खणाचा तुकडा तर अर्धी दुपार हिंडत राही. एकदा पुरती शिवून झालेली पट्टी ती उसवायला बसली.

"आत्ये, चांगली तर दिसतीय की."

"हितं नजर ठेचाळतीया," म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. तो तुकडा कुणाच्या लुगड्याचा, याचा त्यात काही संबंध नव्हता. त्याच्या शेजारी हिरवा आला होता आणि तो तिला तिथे नको होता.

ऊब काय, कशीही शिवलेली वाकळ देते. थंडीला रंग कळत नाहीत. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानपट्ट्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी नावाची वाकळ शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलांनी कवंदी तसूभरही अधिक उबदार होत नाही. पण ती नसली तर कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. गरज भागल्यावर जे उरतं, ते त्या बाईचं स्वतःचं.

अमेरिकेत, अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मिसूरी पेटवेने १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आठवणीची गोधडी म्हणावी तर हीच. तरीही त्या विटलेल्या ठोकळ्यांची नि पट्ट्यांची मांडणी पाहावी. दुःख एवढं मोठं, म्हणून एकही पट्टी कुठेही पडलेली नाही. या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, तेव्हा लोकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. गोधड्या शिवताना त्या बायकांना ती दिसतच होती.

आत्याची वाकळ मी कधी कधी उलटी करून बघतो. मागच्या बाजूला रंगांचा आधार नाही, एकसलग जुनेरावर नुसत्या धावदोऱ्याच्या ओळी. कोपऱ्याशी आली की तिची ओळ काटकोनात मोडत नाही, किंचित गोलाई घेऊन वळते. आईचे टाके आखूड आणि सरळ. तिची गोधडी शेजारी ठेवली तर अंधारातही बोटांना फरक कळावा. वाकळेवर सही नसते, पण हात लपत नाही. कुणाच्या लुगड्याची, हे आपण विचारतोच. कुणाच्या हातची, हे आधी विचारायला हवं.