जांभा आणि जांभूळ

महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे जे सदाहरित रान उभे आहे, त्याची दाट छाया पाहून येथील माती फार कसदार असली पाहिजे, असा कोणाचाही ग्रह व्हावा. परंतु वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसाने चुना, पालाश आदी विद्राव्य द्रव्ये युगानुयुगे धुऊन नेल्यावर मागे उरली आहे ती लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेली तांबडी, जांभ्याची माती. मृत्तिकापरीक्षणात हयात घालविलेल्या मला या रानाविषयी जो आदर वाटतो, तो मुख्यतः या दारिद्र्यामुळेच.

या मातीत स्फुरद नाही असे नाही. पण तो जप्तीतल्या मालासारखा लोहाच्या कणांशी जखडलेला असतो. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येते, स्फुरदाला ती गती नाही. आणि म्हणून मुळाने आपल्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा प्रदेश रिता केला, की तेथे नवा भरणा होण्यास फार विलंब लागतो. मूळ अर्थात स्वस्थ बसत नाही. ते सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी आम्ले पाझरवून लोहाची पकड ढिली करते आणि कुजत्या पाल्यातील स्फुरद मोकळा करणारी विकरे सोडते. तरीही हा मामला एकट्या मुळाच्याने निभत नाही; त्याला कवकाची जोड लागते.

ट्रफल या भूमिगत कवकाची लागवड करता येईल काय, याचा तपास प्रशियाच्या सरकारने बर्लिनच्या आल्बर्ट फ्रांक यांच्याकडे सोपविला होता. त्या तपासात वृक्षांच्या मुळाग्रांवर कवकाचे आवरण असूनही वृक्ष निरोगी असल्याचे त्यांना आढळले, आणि १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे कवकमूल, हे नाव दिले. आमच्या जांभळाचे कवकमूल निराळ्या, अधिक प्राचीन जातीचे; ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. केसासारखे मूळ पोटॅशच्या द्रावणात तापवावे, टॅनिनाने ते काळवंडलेले असते म्हणून पेरॉक्साइडने उजळावे, आम्लातून काढून ट्रिपॅन ब्लूत रंगवावे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत खोड, फांद्या, डहाळ्या यांसकट एक निळे, चिमुकले झाड उभे राहते! येथेच देवघेव होते: मुळाच्या रित्या प्रदेशापलीकडे कित्येक सेंटिमीटर पसरलेल्या कवकाच्या तंतूंनी आणलेला स्फुरद वृक्षाला मिळतो आणि पानांत घडलेली शर्करा आणि तिच्यापासून मुळात बनलेली स्निग्ध द्रव्ये कवकाला. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या वनस्पती दगडात जतन झाल्या आहेत, त्यांना खरी मुळे नव्हती. ही निळ्या झाडाची आकृती मात्र त्यांच्या पेशींतही आहे.

कवकाचे हे तंतू मुख्यतः वरच्या वीतभर मातीत नांदतात. एका रोपवनासाठी तीच वीतभर माती यंत्राने खरवडून, उघड्या मुरमात खड्डे घेतलेले मी पाहिले आहेत. शेणखत घातले, पाण्याचा बंदोबस्तही चोख होता. तरी दोन पावसाळ्यांनंतर जांभळाची रोपे गुडघ्याएवढीच. तेव्हा शेजारच्या रानातली माती पाट्यांनी आणवून प्रत्येक आळ्यात ओंजळ-ओंजळ मिसळली. पुढच्या भाद्रपदात एका रोपाची चार मुळे धुऊन, रंगवून पाहिली. रानातल्या मुळाइतकी दाटी नव्हती. पण तिसऱ्या मुळात, सालीच्या आतल्या थरात, तीन निळी झाडे होती.