नकाशात विहीर दिसते, पाणवठ्यावरची बंदी दिसत नाही

धुळे परिसराची सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकीत घेऊन बसतो. देखणी गोष्ट आहे. पांझरा, तिचे नाले, देवपूर, जुनं धुळं, कॅप्टन ब्रिग्जने १८१९ नंतर सरळ रस्ते आखून वसवलेली नवी पेठ. दक्षिणेला लळिंगच्या किल्ल्याभोवती उंचीच्या रेषा दाटलेल्या. पाणी टिकतं तिथे निळा रंग, कोरड्या नाल्याला काळी रेघ.

सर्व्हेअरने देऊळ, मशीद, पोस्ट, डाकबंगला, सगळ्यांना खूण दिली. विहिरीलाही दिली. पण त्या विहिरीवर कुणाचा पोहरा चालायचा आणि कुणाच्या बायांना वरून कुणी पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन ताटकळत राहावं लागायचं, याला खूण नाही. जात मोजायला जनगणना होती, पाणी मोजायला नकाशा होता. दोन्ही एकावर एक ठेवून बघायची सरकारला गरज वाटली नाही.

पांझरेवरच्या फड पद्धतीचं कौतुक आपण पाठ्यपुस्तकी भाषेत ऐकतो. बंधारा, पाट, एका फडात एकच पीक, पाटकऱ्याने पाळीने दिलेलं पाणी. पद्धत खरोखर शहाणपणाची आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण हक्क शेताला होता. ज्याला शेतच नाही, त्याला पाळी कुठली? सहकाराचे गोडवे गाणारे अभ्यासक हा प्रश्न सहसा ओलांडून जातात.

बोले ठराव १९२३ चा, महाडचा सत्याग्रह १९२७ चा, चवदार तळ्याचा हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. म्हणजे तळं सार्वजनिक आहे हे कोर्टात सिद्ध करायला दहा वर्षं. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्यात कोर्टाच्या कामासाठी आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी आपण तिथे जमतो, वंदन करतो, भाषणं ऐकतो, परत येतो.

यंदा जाताना टोपोशीटची मोठी झेरॉक्स आणि लाल पेन सोबत घ्या. धुळे-जळगावच्या गावागावांतून आलेली सत्तरी-ऐंशीची म्हातारी माणसं तिथे भेटतात. आपल्या आज्या कुठल्या झिऱ्यावर जायच्या, कुठल्या विहिरीवरून हाकलल्या जायच्या, ते त्यांच्याकडून विचारून कागदावर मांडायचं. गावाचं नाव, जागा, अंदाजे साल. जळगावची शीट आम्ही मागवली आहे.